एकटीचा कार्यक्रम

जिन्यात कुणी नाही याची खात्री करूनच टिटवी गायला बसली होती. भर दुपारी तिच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे आणि त्या जिन्यात आवाज असा काही घुमायचा, की स्वतःच्याच गळ्याच्या प्रेमात पडावं. तिने डोळे मिटले आणि ओळ घेतली, 'तू उठून गेलीस, खुर्ची डोलत राहिली...'

"डोलत नाही, हलत!"

टिटवी ताडकन उभी राहिली. वर कुणी नाही, खाली कुणी नाही.

"क-कोण आहे?"

"इकडे, लिफ्टमध्ये. अडकलोय. वॉचमन माणसं आणायला गेलाय." बंद दारामागचा आवाज मोठा मजेत होता. "पण तुमचं चालू द्या. फक्त ती खुर्ची हलते हो. डोलायला आनंद व्हावा लागतो, आणि इथे तर बाई निघून गेलीय."

टिटवीला राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी हसूही आलं. कारण त्याचं बरोबर होतं.

"अडकलेल्या माणसाने एवढं बोलू नये," ती म्हणाली. "हवा संपते."

"माझ्यासोबत एक मांजर आहे. मघापासून टोपली ओरबाडत होती, तुम्ही गायला लागलात आणि शांत झाली."

"घाबरली असेल."

"छे! मी जनावरांचा डॉक्टर आहे. घाबरलेली मांजर मला कळते."

लिफ्ट उघडली तेव्हा आतून विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस बाहेर आला. हातात जाळीची टोपली, बाहीवर ओरखडे, आणि डोळ्यांत असं हसू, की टिटवीला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

टिटवी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती रडायला लागली की सगळी गल्ली जागी व्हायची, म्हणून दादाने ते ठेवलं आणि ते चिकटलंच. पुढे त्याच गळ्यातून गाणं निघालं, तरी नाव काही सुटलं नाही. गाणी मात्र तिला मावशीने दिली. कॅसेटच्या काळातली गाणी... स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि एक गिटार घेऊन स्वतःच गायचं, अशा त्या वेड्या मंडळींची. भाड्याच्या खोल्यांची, चुकलेल्या बसची, न सांगितलेल्या प्रेमाची. आता मावशीने वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याच गाण्यांचा कार्यक्रम ठरवला होता. रविवारी सकाळी. रंगमंचावर टिटवी एकटी.

त्या एकटेपणानेच तिची झोप उडाली होती.

डॉक्टर दोन दिवसांनी दुकानात आला. म्हणे, डोळे तपासायचेत. तिने त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, एकेक काच बदलत राहिली. इतक्या जवळून, की त्याच्या श्वासाची लय तिला ऐकू येत होती.

"आता स्पष्ट, की आधी?"

"आता."

"आणि आता?"

"आता तर फारच..." तो तक्त्याकडे बघतच नव्हता.

"डॉक्टर, अक्षरं तिकडे आहेत." तिने दिवा लावला. "तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

"मग तुम्ही दिसला नाहीत की सगळं धूसर का दिसतं?"

"या खुर्चीत बसून हे बऱ्याच जणांनी म्हटलंय."

"अरेरे," तो खरोखरच ओशाळला. "मला वाटलं, मीच पहिला."

ती खळखळून हसली. त्यानंतर दुपारचा चहा जिन्यातच व्हायला लागला. ती गायची, तो पायरीवर बसून ऐकायचा. त्याच्या आईने ही गाणी स्वयंपाक करताना इतकी गुणगुणली होती, की त्याला सगळी तोंडपाठ होती. तो कधी नुसता मान हलवायचा, कधी एखाद्या ओळीवर तिच्याकडे असं बघायचा, की तिचा सूर हलकेच थरथरायचा...

शुक्रवारी मात्र ती गायलीच नाही.

"मागे एकदा स्टेजवर माझी पाटी कोरी झाली होती," ती खाली मान घालून म्हणाली. "एक शब्द आठवेना. दादा शेजारी होता, त्याने हळूच ओळ सांगितली म्हणून निभावलं. या वेळी शेजारी कुणी नाही."

"मी समोर बसेन ना. अडलात तर..."

"तेच नको." ती घाईने म्हणाली. "तुम्ही समोर असलात तर... मी नक्की विसरेन. तुम्ही येऊ नका. प्लीज."

त्याने कप पायरीवर टेकवला. मग म्हणाला, "बरं. नाही येणार." आणि चहा अर्धा ठेवूनच उठला.

रविवारी हॉल गच्च भरला. पांढऱ्या केसांची मंडळी, त्यांनी ओढून आणलेली तरुण पोरं, पहिल्या रांगेत मावशी आणि दादा. टिटवीने गिटार मांडीवर घेतली. पहिलं गाणं जमलं. दुसरं रंगलं. खुर्चीच्या गाण्याला तर कुणीतरी चष्मा काढून डोळे पुसले. दर गाण्याला तिची नजर मात्र रांगांमधून फिरून रिकामी परत येत होती. स्वतःच नको म्हटलं होतं, मग आता कुणाला शोधतेय?

आणि शेवटच्या गाण्यात ते झालंच. 'माझ्या गल्लीत दिवे लागले...' आणि पुढे काही नाही. कोरी पाटी. बोटं तारांवर फिरत राहिली. दादा खुर्चीच्या टोकावर आला. टिटवीने त्याच्याकडे पाहिलं... आणि गिटार थांबवली.

"मी पुढचं विसरले," ती माइकमध्ये सरळ म्हणाली.

मग मागच्या रांगेतून एक जाडाभरडा, बेसूर आवाज आला, 'तुझ्या घराची वाट दिसेना...' त्याला दुसरा मिळाला, तिसरा मिळाला, आणि बघता बघता अख्खा हॉल गायला लागला. म्हातारे, तरुण, मावशी, ज्याच्या गळ्यात सूर नाही तो दादासुद्धा! टिटवीच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती हसत, रडत त्यांच्या मागून गायली. जिची इतकी धास्ती घेतली होती ती गोष्ट घडली होती, आणि तिचं काहीही बिघडलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर ती लोकांच्या गराड्यातून कशीबशी बाहेर आली. बाहेरच्या व्हरांड्यात, बंद दाराशेजारच्या बाकावर डॉक्टर बसला होता. केस विस्कटलेले, चेहरा पार उतरलेला.

"तुम्ही... तुम्ही येणार नव्हतात!"

"आत कुठे आलो?" तो उठला. "सगळं इथूनच ऐकलं. तुम्ही थांबलात तेव्हा हात दाराच्या कडीवर होता. आत यावं, तर तुम्हाला शब्द दिलेला. नाही यावं, तर... मग सगळे गायला लागले, आणि मी कडी सोडली."

"मी तुम्हाला शोधत होते."

"ओळ सांगायला?"

"नाही." तिने या वेळी मान खाली घातली नाही. "ओळ लोकांनी सांगितली. तुम्ही नुसते हवे होतात. समोर. मला तुम्ही आवडता, डॉक्टर. आणि हे मी दुसऱ्या कुणाचे शब्द घेऊन म्हणत नाहीये."

तो बोलायला गेला, अडखळला, पुन्हा प्रयत्न केला. "मी... म्हणजे मला... शी! एवढी गाणी पाठ आहेत, आणि आत्ता एक शब्द सुचेना."

"सावकाश," ती हसत म्हणाली. "मला घाई नाही."

त्याने नुसता तिचा हात हातात घेतला. तारांनी लाल झालेल्या तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला, आणि उत्तर तिथेच मिळालं.

मावशीने दारातून डोकं बाहेर काढलं. "अगं, लोक थांबलेत तुझ्यासाठी..." तिने दोघांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. "बरं. थांबू देत," म्हणून तिने दार हळूच लोटून घेतलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" टिटवीने विचारलं, आणि आपण त्याला अरे-तुरे केलं हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

"घास उतरत नव्हता. तू?"

"मीही उपाशी."

दोघांना एकदमच सणकून भूक लागली होती. गिटार दादाच्या हवाली करून ती दोघं लख्ख उन्हात रस्त्यावर उतरली, आणि समोर जे पहिलं हॉटेल उघडं दिसलं त्याच्याकडे जवळजवळ पळतच सुटली.