थराखालचं बोट

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, वच्छलाताईच्या घरात घडलेली आहे.

अमरावती. सन १९६६. वैशाखातली भर दुपार.

ताईचे यजमान गोपाळकृष्ण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. आरशावर असा थर चढवायचा की तो अतिनील प्रकाशाने जळणार नाही, पुढेमागे लेसरच्या कामी येईल, हा त्यांचा ध्यास. थर टिकतो का, ते प्रयोगशाळेत अतिनील दिवा लावून पाहत.

थर चढण्याआधी काच घरी पुसायची ताई. पुसून झाली की तिच्यावर हलकेच श्वास सोडायची. वाफ एकसारखी धरली, की काच स्वच्छ.

त्या दुपारी आठ महिन्यांच्या शकुनने काचेवर बोट टेकवलं.

ताईने काच पुन्हा पुसली. वाफ एकसारखी धरली. मग यजमानांना कशाला सांगायचं?

चौथ्या दिवशी, अकराच्या ठोक्याला, पाळण्यात झोपलेली शकुन किंचाळली...

उजव्या तर्जनीवर फोड.

चूल केव्हाच विझली होती. जवळ काहीच तापलेलं नव्हतं.

बाराला कॉलेजचा शिपाई नत्थुजी डबा न्यायला आला.

"बाई, साहेबायचा आरसा जळला आज. अकराले दिवा लावला, अन् थरात डाग उमटला. लेकराच्या बोटाएवढा."

ताईने शकुनचं बोट मुठीत धरलं.

"उद्या लावतील का?"

"लावतीन ना. डाग किती वाढते, ते पाहाचं हाये त्यायले."

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ताई टांग्याने प्रयोगशाळेत पोचली. शकुन कडेवर.

"दिवा लावू नका."

"अगं, बी.एस्सी. झालीस ना तू?"

तिने फोड दाखवला. काचेवर टेकलेल्या बोटाचंही सांगितलं.

गोपाळकृष्ण हसायचे थांबले. बटणावरचा हात खाली आला. त्यांनी भिंग काढून आरशावर धरलं...



"काल हे नव्हतं."

ताईने पाहिलं. थराखाली इवलंसं बोट, रेषांसकट.

आणि त्यावर... एक अंगठा. मोठ्या माणसाचा. बोट काचेवर दाबून धरलेला.

ताईने आपला अंगठा लावून पाहिला. मग यजमानांनी. नत्थुजीनेही.

कुणाचाच जुळला नाही.

दिवा पुन्हा लागला नाही. फोड बरा झाला. पुढल्या वर्षी त्यांची बदली अकोल्याला झाली, आरसा अमरावतीलाच राहिला.

आता, १९६८ सरताना, शकुन तीन वर्षांची आहे. ताई तिला दुपारी एकटी निजू देत नाही.

कारण झोपेत तिचा उजवा हात कधीकधी हळूहळू वर उचलला जातो... ताठ होतो.

ताई तो खाली ओढते.

तेव्हा पलीकडूनही कुणीतरी ओढतं.