सॅम्पल फ्लॅटमधलं बिऱ्हाड

तपासनीसबाईंना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि ही गोष्ट लोकांना बाई स्वतःच सांगत. तीस वर्षं त्यांनी कापडगिरणीत एकेक तागा उजेडावर धरला होता. गाठ दिसली, धागा सुटलेला दिसला, की खडूची फुली मारून माल परत. नवरा न्हावी. सगळा मोहल्ला त्यांना कात्रीमामा म्हणे, कारण कात्रीपेक्षा त्यांची जीभ जास्त चालायची. जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला, आणि आता उतारवयात पहिलं स्वतःचं घर घ्यायचं ठरलं.

भाऊ म्हणाला, कागद नीट बघ. नणंद म्हणाली, पाणी बघ. बाईंनी सगळंच बघितलं. नळ अर्धा तास सोडून ठेवले. भिंतींना कान लावून टकटक केली. फरशीचा उतार बघायला गोट्या सोडल्या. वकिलाला इतके प्रश्न विचारले, की बिचारा दाढ दुखते म्हणून उठून गेला.

विक्रीच्या ऑफिसातल्या टायवाल्याने आधी सॅम्पल फ्लॅट दाखवला. पडद्यांना इस्त्री, सोफ्यावर उशा, टेबलावर सफरचंदं. मग विकायचा फ्लॅट दाखवला. तिथे रंग पातळ, दारं वाकडी.

बाई हसल्या. "नमुन्याचा तागा वेगळा नि मालाचा तागा वेगळा. हे मला शिकवता होय? मला नमुनाच द्या."

"सॅम्पल फ्लॅट विकायचा नसतो, मॅडम."

"का? आत कोणी राहतं का?"

टायवाला उठला. आत जाऊन आला आणि म्हणाला, "चालेल. फक्त बाकीचे फ्लॅट विकले जाईपर्यंत अकरा ते एक गिऱ्हाइकांना बघू द्यावं लागेल."

"किती उरलेत?"

"तीन."

बाईंनी कलम दोनदा वाचलं, बोट ठेवून वाचलं, आणि सही केली. आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? बाईही तेच म्हणाल्या असत्या.

घरातला टीव्ही पुठ्ठ्याचा निघाला. पुस्तकांना नुसत्या पाठी होत्या, सफरचंदं मेणाची होती. बाईंनी दोन पोती भरून ते सोंग बाहेर फेकलं आणि आपला संसार मांडला. मामांचा रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, खरी सफरचंदं.

दुसऱ्या दिवशी अकराला पहिलं जोडपं आलं.

"या, बसा," बाई म्हणाल्या.

ती दोघं त्यांच्या बाजूने पुढे गेली. त्यातल्या बायकोने कपाट उघडलं, आतले कपडे चिमटीत धरून पाहिले. "कापड खरं वाटतं हो!"

"अहो, वाटतं म्हणजे? खरंच आहे!" तपासनीसबाई कडाडल्या. कोणी मागे वळलंही नाही.

महिनाभर रोज हेच झालं. मग बाई तरातरा ऑफिसात गेल्या. "ही काय रीत झाली? माणूस उभं आहे, दोन शब्द बोलावेत की नाही?"

"मॅडम, गिऱ्हाईक घर बघायला येतं," टायवाला हळूच म्हणाला. "माणसं बघायला नाही."

"किती उरलेत?"

"तीन."

"महिन्यापूर्वीही तीनच होते!"

"हो ना," तो म्हणाला, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटत असावं असं दिसलं.

मग रेडिओ बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं. आत तार नाही, खिळा नाही, कोरी करकरीत पोकळी.

"बाई, ह्याच्यात कधी काही होतं का?"

"काल बातम्या ऐकल्यात आम्ही!"

दुरुस्तीवाला हत्यारं आवरून निघाला. जिन्यात पोचल्यावरच त्याने मागे पाहिलं.

घड्याळाचे काटे चित्रातले झाले. सफरचंदात सुरी घातली, तर आत पांढरं, कोरडं, बिनवासाचं. बाईंनी खडू काढला आणि एकेका वस्तूवर फुली मारत सुटल्या. गिरणी असती तर अख्खा माल परत गेला असता. इथे परत घ्यायला कोण बसलंय? तक्रारीची अकरा पत्रं गेली. उत्तर एकाचंही आलं नाही.

मामांचं बोलणं मात्र कमी होत चाललं होतं. त्याची फुली कुठे मारणार?

एका सकाळी ते आरशासमोर वस्तरा धरून नुसते उभे होते.

"अहो, काय झालं?"

"अगं, आज दाढीच आली नाही."

"म्हणजे?"

"कालही नव्हती. परवाही." ते कसेबसे हसले. "चाळीस वर्षं जगाच्या दाढ्या केल्या. आता वस्तऱ्याला पेन्शन."

बाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. गाल गुळगुळीत होता. आणि गार.

"चला. आत्ताच्या आत्ता माझ्या भावाकडे. खड्ड्यात गेलं घर."

"अकरा वाजत आलेत," मामा म्हणाले. "माणसं येतील. ती गेली की निघू." ते सोफ्यावर बसले, तळवे गुडघ्यांवर ठेवले, आणि दाराकडे बघून छानसं हसले.

ते हसू मग उतरलंच नाही.

बाई त्यांना दंडाला धरून ओढत होत्या, तेवढ्यात टायवाला पाचसहा जणांना घेऊन आला.

"अरे वा, आजोबा काय झकास बसवलेत!" एक बाई म्हणाली आणि तिने मामांच्या खांद्यावर नखाने टिचकी मारली.

जो आवाज आला, तो माणसाच्या खांद्यातून यायला नको होता.

तपासनीसबाई सोफ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावू नका त्यांना! लाजा कशा वाटत नाहीत? चाळीस वर्षं राबून घेतलंय हे घर! भाड्याच्या खोलीत सुद्धा आम्हाला माणसांत मोजत होते! चालते व्हा!"

सगळे थबकून त्यांच्याकडे बघू लागले.

"भांडणारी आजी पण ठेवलीय!" एक माणूस खूश होऊन म्हणाला. "आता कसं, घर घरासारखं वाटतं. आम्ही घेतो."

"मग दोन उरले!" बाई ओरडल्या. "सांगा त्यांना, दोन उरले!"

टायवाल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग दिवे मालवले आणि सगळ्यांना घेऊन गेला.

पुढचं वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. चांगलं झणझणीत होतं.

दुपारी साफसफाईची बाई आली. तिने टेबल पुसलं. दिवा पुसला. मामांचं टक्कल पुसलं, कानांमागे पुसलं. मग ती तपासनीसबाईंसमोर आली.

त्यांचं तोंड बोलता बोलता उघडं राहिलं होतं. तिने फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ते आतूनही फिरवलं.

फडकं कोरडंच बाहेर आलं.