गळणारी जीप

"ताई, हात लावू नकोस माझ्या गाडीला!"

माझ्या... त्या एका शब्दाने जीपच्या दाराखाली गेलेला ताईचा हात तिथेच थबकला. समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा राग होता जसा काही एखाद्या परक्या बाईने त्याच्या खिशात हात घातला असावा!

जीप होती बाबांची. डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटा तुडवून म्हातारी झालेली, तरी पहिल्या चावीला खाकरून उठणारी. बाबा गेल्यापासून ती या समुद्राकाठच्या घराच्या शेडमध्ये होती. आणि आता, इतक्या वर्षांनी, धाकटा ती न्यायला आला होता. आल्या आल्या त्याने ती गॅरेजमध्ये दिली, जोराच्या फवाऱ्याने धुऊन घेतली, वरून तुकतुकीत हिरवा रंग आणि खालून डांबरासारखा काळा जाड लेप चढवून आणला. उद्या सकाळी बायको-मुलीला घेऊन तो निघणार होता.

"अरे, मी फक्त दाराखालची भोकं मोकळी करत होते..."

"कसली भोकं? सगळी बुजवून घेतलीत मी. गंज चढू नये म्हणून देतात हा लेप, ताई. हे आधीच करायला हवं होतं कुणीतरी! तो गॅरेजवाला हसत होता मला. म्हणाला, साहेब, ही गाडी आहे की तळणीची कढई? जिकडे हात लावावा तिकडे तेल! बाबांच्या जीपची ही दशा केलीस तू?"

तिने दशा केली होती... तिने! ती घरात निघून गेली.

धाकटा लहान असताना एकदा चालत्या जीपमध्ये त्याच्या पायाखालचा पत्राच खचला होता. रबरी चटईखाली गंजाने पत्रा पार खाऊन टाकलेला, वरून काही दिसत नव्हतं. पोराचा पाय चटईसकट खाली गेला आणि नडगी फाटली. त्या संध्याकाळी बाबा डोकं धरून बसले होते. मग त्यांनी नवा पत्रा बसवला, आणि लेकीचे हात बारीक म्हणून तिला शिकवलं : दारांच्या खालच्या कडेला आणि चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, निचऱ्याची भोकं असतात, ती चिखलाने तुंबू द्यायची नाहीत, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडता आलं पाहिजे, आणि आतल्या पत्र्यावर कायम तेलाचा हात फिरलेला असला पाहिजे. शेवटच्या आजारात त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. "जीप धाकट्याची आहे गं... तो नेईपर्यंत तिला आतून जप."

आणि तिने जपली! ती शिवणकामाचे वर्ग घ्यायची, आणि वर्ग सुटला की क्रोशाची सुई घेऊन जीपखाली शिरायची. सुईच्या आकड्याने भोकांतला गाळ ओढून काढायची, तेलाच्या पंपाला बारीक नळी लावून चासीच्या पोकळीत तेल सोडायची. खारा वारा सुटला की तिला घास गोड लागत नसे. एक चांगलं स्थळ आलं होतं, समुद्रापासून लांब, शांत स्वभावाचा माणूस. त्याने लाजत विचारलं, तुम्हाला काय आवडतं? हिने विचारलं, तुमच्याकडे शेड आहे का? गल्ली कित्येक दिवस हसत होती. ते स्थळ परत गेलं, आणि ताईचं नाव 'जीपवाली' पडलं. त्या दिवशी ती जीपखाली जरा जास्त वेळ होती, इतकंच. तिथे कुणाला डोळे दिसत नाहीत.

"बस की गं जरा!" खिडकीशी खुर्चीत बसलेली आई म्हणाली. गुडघ्यांनी आईला जागेवर बसवलं होतं, जीभ मात्र त्यांना बसवता आली नव्हती. "पायाला भिंगरी लावल्यासारखी काय फिरतेस?"

ताई कशी बसणार! बाहेर छोटी भाची जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून पाय हलवत होती, दार उघडत होती, लावत होती.

"आत्या, आत्या, ऐक ना! या दारात समुद्र आहे!"

ताईने दाराला कान लावला. खळ्ळ... खळ्ळ... गॅरेजमधल्या फवाऱ्याचं पाणी आत कोंडलं होतं! ते तिथेच राहिलं तर झिरपून पायाखालचा पत्रा पुन्हा आतून खाणार होतं. भाचीचे इवलेसे पाय नेमके तिथेच टेकले होते, जिथे कधीकाळी धाकट्याचा पाय खचला होता.

ती धाकट्याला सांगायला गेली. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "ताई, पुरे झालं आता."

ती रात्र तिने तळमळत काढली. उजाडलं तशी ती उठली, साडीचा पदर खोचला, सुई घेतली आणि जीपखाली शिरली. नवा लेप चिवट होता. तिने तो नखाने खरवडला, सुई रेटली, पुन्हा रेटली...

"ताई!" धाकटा बॅग घेऊन बाहेर आला होता. "नवा लेप खरवडतेस? इतका राग? जीप मला मिळाली म्हणून... इतका?"

ती रेटतच राहिली. सुई खचकन आत गेली आणि तेलकट, गढूळ पाण्याची धार तिच्या तोंडावर, केसांवर, पदरावर कोसळली. थांबेचना! धाकट्याच्या हातातली बॅग खाली पडली.

"हे... हे एवढं पाणी आत होतं?"

"तुझी नडगी बघ!" जीपखालून तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांचा सगळा आवाज! "तो व्रण बघ! त्याच जागी तुझी लेक बसणार आहे रे... त्याच जागी! मला काय बोलायचं ते नंतर बोल, पण तिला असं घेऊन जाऊ नकोस!"

धाकट्याने वाकून पँटचा पाय वर ओढला, तो व्रण पाहिला. मग तो इस्त्रीच्या शर्टासकट सरपटत तिच्याशेजारी आला. तिने चासीचं एक भोक मोकळं करून दिलं. "घाल बोट."

त्याने बोट आत फिरवलं, बाहेर काढलं. बोट तेलाने माखलं होतं. गंजाचा कण नव्हता.

"आतून... नवीकोरी आहे गं!"

"तेल आत असेल तरच बाहेर गळेल ना, वेड्या."

तो ते बोट डोळ्यांसमोर धरून बघत राहिला, आणि लहानपणी पाय फाटला तेव्हा रडला होता तसा हमसून हमसून रडू लागला. "ताई... काय काय बोललो मी तुला! अगं, एकदा तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, विकून टाक."

तो तसंच म्हणाला असता.

"ती तुझी आहे, ताई. इथेच राहू दे."

"छे! बाबांनी तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होती. माझं काम झालं." तिने डोळे पुसले, म्हणजे तोंडाला तेल फासलं. "आता ते कोपऱ्यातलं भोक उघड. तिथे माझा हात पोचत नाही."

खिडकीतून आई ओरडली, "दोघं गाडीखाली रडताय की काम करताय?"

निघायला दुपार झाली. ताईने भावाच्या हातात क्रोशाची सुई ठेवली. त्याने वाकून नमस्कार केला, आणि मागे उरली रिकामी शेड आणि जमिनीवर तेलाचा एक मोठा काळा डाग. तो डाग पुसायला तिचा हात उचलला नाही.

मग तिची पावलं घरभर फिरू लागली. वारा सुटला की ती दाराशी, ढग आले की अंगणात. आई म्हणायची, बस गं. ती बसायची नाही.

एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे पावसाचा आवाज होता, आणि त्याहून मोठ्याने ओरडणारा धाकटा.

"ताई! इथे धो धो पडतोय! मी जीपखाली आहे! दोन्ही दारं गळतायत गं... छान गळतायत!"

"आणि चासी?"

"तीही! सगळीकडून!"

ताईने फोन ठेवला. आईच्या खुर्चीशेजारी एक खुर्ची होती, रिकामीच असायची. ती त्या खुर्चीत टेकली, पाय लांब केले, मान मागे टाकली.

आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. आईचे डोळे भरून आले होते.

"बसलीस गं बाई एकदाची," ती म्हणाली.