‘तेव्हा’ नसलेली वाक्यं

ती धापा टाकत वाचनालयाच्या दुरुस्ती-खोलीत शिरली. बाइंडरच्या एका हातात तिच्या अभ्यासाची कादंबरी होती आणि दुसऱ्यात... खोडरबर!

“थांबा! खोडू नका!”

“शेवटचंच पान उरलं होतं,” तो ओशाळून म्हणाला.

तिला रडू कोसळायचंच बाकी होतं. सहा महिने ती या कादंबरीतलं एकेक वाक्य सोडवत होती. प्रधान वाक्याखाली एक रेघ, गौण वाक्याखाली दोन. भाऊ तिला ‘व्याकरणीणबाई’ म्हणून चिडवायचा. महिन्याभरात प्रबंधाचं प्रकरण द्यायचं होतं, आणि सगळं काम या एकाच प्रतीत होतं. वाचनालयाच्या पुस्तकात रेघा ओढल्या, चूक तिचीच!

“त्या रेघावाल्या बाई तुम्हीच का?” त्याचे डोळे हसले. त्यानं खणातून कागदांचा गठ्ठा काढला. “खोडायच्या आधी उतरवून घेतलंय. पान, ओळ, रेघा, सगळं.”

“पण... का?”

“इतकं मन लावून केलेलं असंच कसं पुसायचं?”

तिच्या जिवात जीव आला. तो मात्र घुटमळला.

“एक विचारू? शेवटी सात ठिकाणी तुम्ही ‘छपाईची चूक’ लिहिलंय.”

“हो, वाक्यं अर्धवट आहेत तिथं.”

“चूक नसेल तर?”

कादंबरीत एका शिंपिणीची गोष्ट होती. त्या शिंपिणीचा भाऊ बोटीवर गेलेला. बाइंडरनं पान उघडलं.

“हे बघा. ‘जेव्हा बोट धक्क्याला लागेल, तेव्हा दार रंगवू.’ ‘जेव्हा तो येईल, तेव्हा नवी चादर काढू.’ दोनशे पानं असंच. मग बोट बुडाल्याची बातमी येते. आणि त्यानंतर नुसतं — ‘जेव्हा तो येईल.’ पूर्णविराम. ती ‘जेव्हा’ सोडत नाही हो... ‘तेव्हा’ मात्र तिच्यापाशी उरलेलंच नाही.”

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं चारशे बारा गौण वाक्यं मोजली होती, पण हे एकदाही दिसलं नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि ती सातही वाक्यं पुन्हा वाचली. कुणीतरी बंद खोलीचं दार उघडावं, तसं पुस्तक समोर उघडलं होतं. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. डिंकाळलेली बोटं, शांत चेहरा...

“तुम्ही व्याकरण शिकलात?”

“छे! काठावर पास. माझी आई अशीच बोलायची — वडील गेल्यावर.”

त्यानंतर ती रोज येऊ लागली. तो पानं शिवायचा, ती वाक्यं वाचायची.

“हळू वाचा ना.”

“का? सुई अडखळते?”

“नाही... पुस्तक लवकर संपतं.”

ती लाजून पुढची ओळ चुकायची.

प्रकरण वाचून तिचे सर, ज्यांना कौतुक करायचं ठाऊकच नव्हतं, चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. ती धावत दुरुस्ती-खोलीत आली आणि पहिलं पान बाइंडरपुढे धरलं : ‘हे निरीक्षण वाचनालयाच्या बाइंडरचं आहे.’

तो कानापर्यंत लाल झाला.

“म्हणजे काम संपलं. आता येणार नाही तुम्ही...”

“प्रकरण तर झालं.”

तो सुईत दोरा ओवू लागला. ओवला जाईना.

“मला तुम्ही आवडता.”

ती वाट पाहत राहिली. “आणि?”

“आणि काही नाही. एवढंच आहे.”

तिनं त्याच्या हातातली सुई अलगद बाजूला ठेवली. तो चिकट हात दोन्ही हातांत धरला.

“उद्या येणार आहे मी,” ती म्हणाली. “काम नसताना.”