लशीच्या कागदाचे चार शनिवार

केदारच्या धाकट्याचं बारसं ग्योतोकुच्या नव्या घरी झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. म्हणजे २०२३ सालची. पाहुणे गेले, आणि केदारने, माझ्या मुलाने, माझ्या हातात एक कागद ठेवला.

"आई, शनिवारी आर्याच्या शाळेत जाऊन एक तास बसून ये. सही केलीस की झालं."

ओसाकाहून घर हलवताना केदारच्या थोरलीच्या, आर्याच्या, दोन-तीन लशी राहून गेल्या होत्या. गोवराचीही. शाळेने नवा नियम काढला होता... लस द्या, नाहीतर घरच्या मोठ्या माणसाने तासभर माहिती ऐकावी आणि नकाराच्या कागदावर सही करावी. डॉक्टरकडे खेपा घालायला केदारला आणि सुनेला, राधिकाला, वेळ नव्हता. तास ऐकायला मी होतेच.

मी तशी थकलेलीच असायची. दोन नातवंडं, कचऱ्याचे वेगवेगळे वार, त्यात गुडघे. एदोगावाच्या त्या भारतीय शाळेत पोचले तर हात गारठलेले. दाराशी मशीन होतं, त्यात पैसे घालून चहाचं बटण दाबलं. निघालं मक्याचं सूप.

"पहिल्या वर्षी मीही हेच प्यायलो," मागून मराठी आवाज आला. "वाईट नसतं. तळाचे दाणे तेवढे निघत नाहीत."

पांढरे केस, निळा मफलर. तेच तास घेणार होते. चंद्रहास कर्णिक, मुंबईच्या बँकेतून इथेच निवृत्त झालेले. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. शाळेत हे काम फुकट करायचे.

तासाला आम्ही आठ जण. गोवराने ताप कुठवर चढतो, डोळे कसे जातात, ते सावकाश सांगत होते. संपल्यावर सात जणांनी दोन मिनिटांत सह्या केल्या आणि गेले. ते खुर्चीत मागे टेकले.

"माझा घसा बसतो, पण सह्या काही थांबत नाहीत. तुमची?"

"वाचतेय. हे मराठी तुमचं?"

"माझंच. चुकलंय कुठे?"

"इथे लिहिलंय, आम्ही विचारपूर्वक नकार देत आहोत. आमचा कसला विचार? आम्हाला वेळ नाही, एवढंच."

ते मोठ्याने हसले. "'वेळ नाही' असा रकाना नाही हो, बाई!"

मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "पुढच्या शनिवारी येते. वाचून व्हायचंय."

दुसऱ्या शनिवारी म्हणाले, "कुमुदिनीबाई, एकच तर पान आहे."

"अक्षर बारीक आहे, कर्णिकसाहेब."

"चष्मा पुसून देऊ?"

"... पुसा."

त्यांनी मफलरच्या टोकाने काचा पुसल्या. इतक्या हळू, की मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बारीक पाऊस होता.

तिसऱ्या शनिवारी आम्ही कागद काढलाच नाही. सूप प्यायलो.

चौथ्या शनिवारी ते हसले नाहीत. "तुमच्या भागात एका मुलाला गोवर निघालाय. ऐकलंत?"

"ऐकलं."

"पहिल्याच दिवशी तुमचं ठरलं होतं, सही करायची नाही. मग पोरीला लस का नाही दिली अजून?"

मी पिशवीतून कागद काढला. मग म्हटलं, "सही केली तरी शनिवार संपतो. लस दिली तरी संपतो."

"मला कळत होतं," ते म्हणाले. "तरी मी विचारलं नाही... मलाही शनिवार हवा होता. पोर मात्र तशीच राहिली."

आम्हा दोघांनाही मान वर करवेना.

मी कागद फाडला. "सोमवारी दवाखाना किती वाजता उघडतो?"

"नऊला. मी स्टेशनवर थांबतो." मग जरा अडखळले. "आणि शनिवारी... नदीकाठी बाकं आहेत. तिथे यायला कुणाची सही लागत नाही."

घरी केदार चिडला. "आई, तुला एक सही जमली नाही?"

"जमते. म्हणूनच केली नाही. आता नेणारही मीच आहे."

"मी नेते," राधिका बाळाला खांद्यावर घेत म्हणाली. मग माझ्याकडे पाहून थांबली. "बरं, तुम्हीच न्या."

सोमवारी आर्या "इताई, इताई", दुखतंय दुखतंय, म्हणून रडली. एक हात मी धरला होता, दुसरा कर्णिकसाहेबांनी. नर्सने त्यांना विचारलं, तुम्ही आजोबा का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आर्याच्या राहिलेल्या सगळ्या लशी झाल्या. तिला गोवर झाला नाही. आम्ही जवळजवळ दोन वर्षं शनिवारी नदीकाठी बसलो. लग्नाचं त्यांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी, लोक हसतील, म्हटलं. दुसऱ्यांदा हो म्हटलं. आर्याची परीक्षा झाली की करायचं ठरलं होतं.

चंद्रहास कर्णिक १८ फेब्रुवारी २०२५ला, मंगळवारी सकाळी, हृदयविकाराने वारले. ते एकाहत्तर वर्षांचे होते.