न मोजलेले प्रेक्षक

“हे शक्यच नाही!” भिंग कुजबुजली.

बाहुलीघरातून बाहेर पडणाऱ्या पर्यटकांची रांग संपता संपत नव्हती आणि दारावरच्या माणसं मोजणाऱ्या यंत्रातला आकडा मात्र जेमतेम एकाने सरकला होता!

सगळं निरखून बघायची सवय, म्हणून तिचं नाव भिंग. धाकटा भाऊ तोफ, का ते त्याचा आवाज ऐकला की कळे. सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशी इथे बाहुल्यांचे खेळ करायची. पण आजचा शेवटचा! ‘पर्यटक खेळांना येतच नाहीत,’ असं पर्यटन खात्याच्या साहेबांचं म्हणणं. उद्यापासून इथे दुकान. पुरावा? हेच यंत्र!

“कुणीतरी आकडे खातंय!” तोफ म्हणाला. “मला दारावरच्या काकांचाच संशय आहे. बघ, कसे गालातल्या गालात हसतायत!”

“हळू बोल की रे!”

दुपारच्या खेळाला दोघं तिकीटखिडकीमागे दबा धरून बसली. काकांनी दार उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, हळूच स्टूल ओढलं आणि चौकटीला पाठ टेकून बसले. पर्यटक त्यांना वळसा घालून आत शिरले. आकडा एकाने हलला नि थांबला!

“अगं, पकडू या!”

“थांब! त्यांच्या पाठीमागे काय आहे?”

यंत्राचा डोळा! त्यातून निघालेला किरण माणूस गेला की तुटतो आणि आकडा वाढतो. पण तो तुटलेलाच राहिला तर?

“काका, तुम्ही मुद्दाम इथे बसता ना?” तिने दरडावून विचारलं.

“मुद्दामच!” काका ओशाळले. “इथून खेळ छान दिसतो. आत बसलो तर साहेब ओरडतील.”

त्यांच्या पाठीने किरण अडतो आणि आकडा थांबतो, हे भिंगने सांगताच त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्यामुळेच ताईंचा खेळ बंद...?” ते उठायला लागले.

“उठू नका!” भिंग म्हणाली. साहेब किल्ल्या घ्यायला येतच होते.

“साहेब, जरा आत या ना!”

साहेब आत आले. आकडा जागच्या जागी.

“बघा, तुम्ही आलातच नाहीत!” तोफ गरजला.

“म्हणजे? मी हा काय उभा आहे!”

भिंगने सगळं समजावलं. मग साहेबांनी पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

“मी नुसता आकडा बघत बसलो,” ते हळूच म्हणाले. “शाब्बास, पोरांनो! दुकान रद्द.” मग काकांकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही पुढे बसून बघा. दार मी सांभाळतो.”

काकांनी स्टूल उचललं आणि ते दार ओलांडून आत गेले.

टक्! आकडा सरकला.

“काका, तुम्ही मोजले गेलात!” तोफचा आवाज मावशीच्या बाहुल्यांपर्यंत पोचला.