नवी काकडी आणि जानीचं नाव

जव्हारच्या स्टँडवर जीप सुटायच्या बेतात होती. इतक्यात शेजारच्या माणसाची पिशवी फाटली आणि लोकरीचे गुंडे माझ्या पायाशी घरंगळले. लाल, पिवळे, एक निळा. मी उचलून दिले, पण संशय आलाच. ऐन श्रावणात लोकर?

"स्वेटर विकता का?"

"नाय... लहान पोरं शिकवतो." त्याने माझ्या पिशवीतली अंकलिपी पाहिली. "एवढ्यात अक्षरं कशाला?"

तो हरेश, मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचा. मुंबईत एका वॉल्डॉर्फ शाळेत शिकवून परतला होता. घरी शिकवायचा त्यांचा अभ्यासक्रमही त्याच्याकडे होता — गोष्टी, गाणी, मेणाचे रंग, विणकाम. अक्षर मात्र सातव्या वर्षापर्यंत नाही.

"आमच्या आज्यांना जन्मभर कोणी अक्षर शिकवलं नाय," मी म्हटलं. "ती पण तुमचीच पद्धत का?"

तो हसला नाही. म्हणून थोडा बरा वाटला. थोडाच.

आमच्या साखरशेतची बालवाडी बंद पडली होती. माझी बहीण चैती ठाण्याला बांधकामावर, तिची पोरं जानी आणि सोम्या माझ्याकडे. जाताना ती म्हणाली होती, "प्रतिभा, दिवाळीला जानीनं मला तिचं नाव लिहून दाखवावं. माझ्यासारखा अंगठा नको." ते मला पुरं करायचंच होतं. पण अंकलिपी काढली की जानी रडायची. शेवटी नाइलाजाने हरेशला रविवारी यायला सांगितलं आणि मी उंबऱ्यात पहाऱ्याला बसले.

पोरं त्याला चिकटली. जानी लोकरीचा साप विणू लागली. तो गोष्ट सांगताना मध्येच माझ्याकडे बघायचा... मी तांदूळ निवडत असल्याचं दाखवायची. पोशेऱ्याहून दोन जीप बदलून हा येतो कोणासाठी? आणि शहरात राहून आपलं काही उरलंय का याच्यात?

एका रविवारी मी वेलीवरची पहिली काकडी मुद्दाम त्याच्यासमोर ठेवली. आमच्यात नवं पीक देवाला दाखवून 'नवं' केल्याशिवाय कोणी खात नाही. सोम्याने हात घातला. हरेशने तो हळूच धरला.

"थांब. आधी देवाचं नवं होऊ दे. मंग तुला मोठी फोड."

मला बरं वाटलं, तेवढाच रागही आला.

"काकडी थांबेल," मी म्हटलं. "चैती नाय थांबायची. पोरीचं नाव बघायला ती विटा वाहते."

त्याने सोम्याचा हात सोडला. मग म्हणाला, "हे कोणी सांगितलंच नाय मला. आमच्या शाळेत अक्षर चित्रातून काढतात. जानी सातला टेकलीच हाय. करू आपण... पण रडवायचं नाय."

"अंकलिपी माझी."

"गोष्टी माझ्या."

अशी आमची अभ्यासक्रमाची निवड झाली.

नवं झालं, काकडी वाटली. दिवाळीत चैती आली, तेव्हा जानीने मेणाच्या लाल रंगाने शेणाने सारवलेल्या भिंतीवर 'जानी' लिहिलं. चैती त्या अक्षरांवरून बोट फिरवत रडली. मीही रडले.

हरेश अंगणात उभा होता.

"आता माझं काम संपलं," तो म्हणाला. "तरी... रविवारी येऊ का? पोरांसाठी नाय."

"मंग कोणासाठी?"

"तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. श्रावणापासूनच.

"माझा अजून तुझ्यावर संशय हाय," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काय... जन्मभर डोळ्यांसमोरच ठेवावं लागेल."